नवापूरपेक्षा जवळ

सुरतेहून भावनगर किती लांब, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारते, कशाने जाणार? बसने जाल तर खंबातच्या आखाताला वळसा घालत, भरूच-वडोदरा करत अख्खा दिवस मोडतो. रेल्वेने जाल तर रात्र जाते आणि सकाळी मान धरलेली असते. हजिऱ्याहून बोट आहे, पण ती वाऱ्याच्या मर्जीने. आणि विमानाने जाल तर अर्धा तास. हा अर्धा तास मला माहीत नव्हता हे सांगायला जरा लाजच वाटते, कारण मी उधना स्टेशनात तिकीट खिडकीवर बसते आणि लोकांना अंतरं सांगून पोट भरते.

आमच्या खिडकीवर खानदेशाकडे जाणारी माणसं जास्त. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. लिंबायतचे लूमवाले, डिंडोलीचे डाईंगवाले, इच्छापोरला कंत्राटावर जाणारे. आखाजी जवळ आली की रांग पार दारापर्यंत जाते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो लेकींचा सण. सासरी असलेली लेक त्या दिवशी माहेरी यायचीच, झोका खेळायची, खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून खायची आणि सासूची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवायची. मी खिडकीतून तिकिटं देत असते आणि ज्याच्या-त्याच्या बहिणीचा हेवा करत असते. माझी मोठी बहीण सुमनताई भावनगरला असते आणि ती आखाजीला कधीच आलेली नाही.

त्यात तिचा दोष नाही. जिजाजी, म्हणजे प्रवीणभाई, तेव्हा वराछाला हिरे घासायचे आणि ताई मार्केटात साड्यांच्या घड्या घालायची. शेअर रिक्षात ओळख झाली, पुढचं मी काय सांगू! घरच्यांनी थोडी आदळआपट केली आणि लग्न लावून दिलं. पुढे हिऱ्यांत मंदी आली तसे ते दोघं भावनगरला जिजाजींच्या आईकडे गेले आणि त्यांनी गाठियाचं दुकान टाकलं. तिकडे लेक माहेरी जाते ती श्रावणात, सातम-आठमला. आखात्रीज त्यांच्या लेखी शेतकऱ्याने नांगर पुजायचा दिवस. त्या दिवशी सुनेला माहेरी कशाला जायचं असतं, हे तिच्या सासूला कळायचंच नाही. ताई श्रावणात चार दिवस यायची. मग सासू पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या कायमच्या खाटेवर आल्या आणि श्रावणातलं येणंही थांबलं.

मग आईने जायचं ना, असं तुम्ही म्हणाल. इथे आमची एक रीत आडवी येते. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीही घ्यायचं नाही. माझंच बघा. मी डिंडोलीतच, आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून दिलेली. आई रोज यायची, आणि तहान लागली की समोरच्या पाटलीणबाईंकडे जाऊन पाणी पिऊन यायची. माझा मुलगा झाला, त्याच्या बारशाला ती माझ्या घरी पहिला घास जेवली. आता वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते, आणि माझ्या भाजीत मीठ कमी आहे हे मला रोज ऐकवते.

ताईला मूल नाही. लग्नाला वीस वर्षं झाली. म्हणून आई तिच्या दारात कधी गेली नाही. लांबचा प्रवास, रात्रभराची गाडी, पोचल्यावर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, मग जाऊन करणार काय? आम्ही रविवारी दुमसच्या किनाऱ्यावर जातो, टमाट्याची भजी खातो. सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात, आमची आई पाठ करून बसते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तठे मनी सुमन शे. दिसत तं नही. मंग काय देखू?"

तर या उन्हाळ्यात एका रिकाम्या दुपारी मी फोनवर सहज चाळत होते आणि एक पान उघडलं. कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, ते मधलं अंतर आणि उडायला लागणारा वेळ सांगतं. मी सुरत आणि भावनगर टाकलं. आकडा शंभराच्याही आत आला. मला वाटलं चुकलंच काहीतरी. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. पक्षी आखातावरून सरळ उडाला तर एवढंच. आम्ही जन्मभर जमिनीवरून मोजत आलो होतो.

घरी गेले तेव्हा आई मिरच्यांचे देठ काढत बसली होती. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. मी म्हटलं, "माय, सुमनताई नवापूर परी जवय शे."

"काय बोली राह्यनी तू?"

नवापूर आमच्या लायनीवरचं. तिथे गुजरात संपतो आणि महाराष्ट्र लागतो. नवापूर आलं की आई डब्यात उठून बसते, केस सारखे करते. तिच्या दृष्टीने तिथून घर सुरू होतं. नवापूर म्हणजे जवळच, त्यात वाद नाही. मी तिला फोनवरचा नकाशा दाखवला, मधलं पाणी दाखवलं, सरळ रेघ दाखवली. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

"इतली जवय व्हती का ती?" एवढंच म्हणाली आणि पुढची मिरची हातात तशीच राहिली. मला भरून आलं. मी उगाच पंखा वाढवायला उठले.

सुरत विमानतळ

आईचा हिशेब दोन मिनिटांत तयार झाला. अर्ध्या तासाचं जाणं, म्हणजे वाटेत भूक लागायचा प्रश्नच नाही. एक रात्र राहायचं, कारण तिकडे जाणारं छोटं विमान दुसऱ्या दिवशीच परत येतं. एका रात्रीचा डबा आणि पाणी आपलं आपण न्यायचं. रीतही राहील आणि लेकही दिसेल. वीस वर्षं अडलेलं काम अर्ध्या तासाने मोकळं केलं. मी ताईला फोन केला. ती किंचाळलीच. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "आन जेवस ना माय?"

मी म्हटलं, "बघू."

"वंदू, तू सांग तिला. एक वेळ तरी. माझ्या हातचं."

मी हो म्हटलं. आपण फोनवर कशालाही हो म्हणतो.

एका रात्रीचा डबा म्हणजे आईच्या मते काय, हे मला निघायच्या सकाळी कळलं. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, वरून डबाभर ज्वारीचं पीठ, एक लहान तवा आणि आमच्या नळाच्या पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन. तवा कशाला, तर वेळ पडली तर अंगणात तीन विटा मांडून भाकरी टाकता येईल. मी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेली नाही.

विमान नऊ माणसांचं. इतकं लहान विमान मी जाहिरातीतसुद्धा पाहिलं नव्हतं. एवढ्याशा विमानात वजनाला फार किंमत असते. काउंटरवरच्या मुलीने आधी सामान काट्यावर ठेवलं आणि मग हसून म्हणाली, "बा, हवे तमे."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, माणसंही मोजतात. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी काय कापूसना गठ्ठा शे का?" चप्पल काढून, पदर खोचून, देवळात चढावं तशी ती काट्यावर चढली आणि उतरल्यावर त्या मुलीला म्हणाली, "वजन कोनले सांगू नको." मुलीला अहिराणी कळली नसणार, पण ती हसली.

सामान मात्र जास्त भरलं. पीठ, तवा आणि कॅन यांपैकी काही चालणार नव्हतं. पीठ आणि तवा आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या हवाली केला. तो बिचारा आम्हाला सोडून अजून दारातच गप्पा मारत उभा होता. राहिला कॅन. आई तो घेऊन बाहेर गेली, कुंड्यांच्या रांगेपाशी थांबली आणि एकेका कुंडीला पाणी घालत निघाली. सुरक्षेचा जवान आधी तिला हटकायला आला आणि मग त्यानेच जड कॅन उचलून धरला. डिंडोलीचं पाणी विमानतळाच्या झाडांना मिळालं. आईने एक बाटली तेवढी भरून राखली. आत येताना म्हणाली, "एक रातले पुरी जाई."

आखातावर

आत बसलो तर पायलट हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. शेजारी एक गृहस्थ होते, भावनगरचे, दर आठवड्याला कामाला सुरतेस येणारे. आईचा हात खुर्चीला घट्ट धरलेला बघून ते म्हणाले, "बा, आंख बंध करी द्यो. हमणां आवी जशे."

आई मला म्हणाली, "डोया मिटाले उनू का मी?"

आणि तिने खरंच पापणी लववली नाही. मगदल्ल्याची घरं गेली, तापीचं मुख आलं, हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या आल्या, नांगरून उभी असलेली जहाजं आली आणि मग नुसतं पाणी. निळं वगैरे नाही. आखाताचं पाणी गढूळ, दूध जास्त झालेल्या चहासारखं. ज्या समुद्राकडे आई इतकी वर्षं पाठ करून बसली तो आता तिच्या पायांखालून चालला होता.

"हाऊच शे का तो समुद्र?"

"हो माय."

"आन हाऊ समुद्र सरना का मंग मनी सुमन?"

"हो."

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, रडते की काय. ती म्हणाली, "मंग माले कोनी सांगं का नही?" कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी अशी विमानं आमच्या डोक्यावरून जायची असतात, आम्ही त्यांत बसायचं असतं हे कुणाच्या मनातच आलं नसतं. मला त्या क्षणी फार हळहळ वाटली. किती श्रावण, किती आखाज्या फुकट गेल्या.

त्या गृहस्थांनी गोळ्या पुढे केल्या. आईने एक घेतली आणि मला कुजबुजत विचारलं, हा सुमनच्या घरचा कुणी लागत नाही ना? मी म्हटलं, नाही गं. मग तिने ती तोंडात टाकली. गोळी अर्धी विरघळली नसेल, एवढ्यात चिखलाचे पट्टे दिसायला लागले, खाड्या दिसल्या, बाभळी दिसल्या आणि चाकं टेकली. अर्धा तास म्हणतात तो खरा अर्धा तासच आहे, याची मी साक्ष देते.

भावनगर

ताई घराच्या दाराशी उभी होती. सरळ पदर, गुजराती पद्धतीचा, केस कानाशी पांढरे. आईला बघून तिच्या तोंडून निघालं, "माय, केम छो?" आणि तिचं तिलाच हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. आई तिच्या गालावरून, दंडावरून, पाठीवरून हात फिरवत राहिली. भाजीवालीकडे वांगं पारखताना ती असंच करते, हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि नंतर स्वतःलाच रागावले.

घर लहान, नीटनेटकं. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट. त्यांना सगळे बा म्हणतात. बा पडल्या पडल्या दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "आवो वेवाण, आवो." वेवाण म्हणजे विहीण. आमच्या अहिराणीत याहीण. दोघी एकमेकींच्या शब्दांवर खूश झाल्या. काठियावाडी गुजराती आणि आमची अहिराणी यांत मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी अंतर निघालं. "पानी", "आंगण", "डोकं दुखस", "माथुं दुखे छे", असं करत त्या तासभर बोलत राहिल्या आणि दुभाषी म्हणून मला कुणी विचारलं नाही.

ताई पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये पाच पेले, आईसाठी चांदीचा. बांनी तो कपाटातून काढायला लावला असणार. आईने पेल्याला बोट लावलं, कपाळाला लावलं आणि पेला परत ट्रेमध्ये ठेवला. मग पिशवीतून आपली बाटली काढून दोन घोट घेतले. ताई ट्रे घेऊन वळली. भरलेला पेला तसाच परत आत जाताना मला बघवला नाही.

जेवायला ताईने दोन्ही गावं एका ताटात मांडली होती. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो म्हणजे आपलं भरीत, कच्च्या पपईचा परतलेला कीस म्हणजे संभारो, ताक. आणि कढई पालथी घालून, खापराची आठवण काढत केलेली मोठी पातळ पुरणपोळी, आमरस. तिकडे पुरणपोळी एवढीशी, जाड आणि तुपात बुडालेली असते. ही तिने खास आईसाठी केली होती. आईने दाराशी ओटल्यावर आपला डबा उघडला आणि दशमी चटणीशी खाल्ली. आम्ही आत. ताई मला वाढत होती आणि बघत होती दाराकडे.

शेवटी तिच्याने राहवलं नाही. "वंदूकडे रोज जेवस तू."

आईने मान वर न करता सांगितलं, "तिले पोऱ्या शे."

जिजाजी उठले आणि पंखा वाढवून आले. म्हणजे आमच्यासारखीच सवय त्यांना आहे, हे मला तिथे कळलं.

दुपारी ताई झाकपाक करत होती तेव्हा मी आईला मागच्या खोलीत गाठलं. मला खरोखर राग आला होता. मी विचारलं, हे किती दिवस चालायचं? ताई आता पन्नाशीला टेकेल. कुणासाठी धरून बसलीस ही रीत? मला वाटलं ती मला गप्प बसवेल. ती हळूच म्हणाली, "रीतनं काही नही वं. मी खादं म्हंजे सरनं. देव म्हनी, इनी आशा सोडी दिधी."

तिने घास घेतला की लेकीला मूल होण्याची आशा तिने सोडली, असं देव धरून चालेल. इतकी वर्षं मी तिला जुन्या वळणाची, हट्टी म्हणत होते, आणि ती बाई लेकीसाठी एक दार उघडं धरून उभी होती.

दुसरा दिवस

सकाळी फोनवर निरोप आला की आखातावर वारा फार आहे, विमान येणार नाही, उद्याचंही नक्की नाही. छोट्या विमानाचं हे असं. ताई इतकी आनंदली की तिला ते लपवता येईना. आईने डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. दोन दशम्या उरल्या होत्या.

न्याहारीला त्या संपल्या. बाटली तर त्याआधीच संपली होती. मग आईने शेजारचं घर पाहून ठेवलं. हंसाबेन म्हणून बाई आहेत, एकट्या राहतात, बोलायला हौशी. आई सरळ त्यांच्याकडे गेली, खाणाखुणांनी सांगितलं आणि खिचडी-कढी जेवून आली. हंसाबेनला रीत माहीत होती. त्यांच्या आजीच्या वेळी त्यांच्याकडेही होती म्हणे, आता कुणी पाळत नाही. पण त्यांनी भिंतीवरून ताईला हाक मारून सांगितलं, "सुमन, तारी बा बहु ओछुं खाय छे!" तुझी आई फारच थोडं खाते, हे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. ताई कपडे वाळत घालत होती. तिने तोंड चादरीमागे नेलं.

घरभर गाठियाचा वास. मागच्या अंगणात जिजाजींची भट्टी, तेलात चण्याचं पीठ पडलं की आवाज इथपर्यंत. जिजाजी सासूबाईंना गाठिया पुढे करायचं धाडस करत नव्हते, पण ताटली तिला दिसेल अशी ठेवून जात होते. आई ताटलीकडे बघायची आणि मग देवाच्या तसबिरीकडे.

संध्याकाळी आम्ही तिघी टेकडीवरच्या तख्तेश्वराला गेलो. पायऱ्या चढताना आईचे गुडघे बोलत होते, पण तिने ऐकलं नाही. वरून सगळं गाव दिसतं आणि लांब आखाताची पांढुरकी रेघ. आई दर्शन घेऊन कठड्यापाशी बसली. या वेळी समुद्राकडे तोंड करून. "तठे आपलं घर," ती बोट दाखवत म्हणाली. दिसत काहीच नव्हतं, पण आता तिला दिसायची गरज नव्हती.

ताई आणि मी जरा बाजूला उभ्या होतो. ताईचं मराठी आता अडखळतं, मध्येच गुजराती येतं, आणि अगदी मनातलं बोलायचं झालं की अहिराणी. ती म्हणाली, "वंदू, मनं तं कवयच सरनं. पाळी पण गेली. मायले सांगू नको."

मी म्हटलं, "मग सांगून टाक ना. म्हणजे ती जेवेल तरी."

"ती खात नाही त्याचा मला बहु राग येतो. लोकांसमोर लाज वाटते. पण वंदू, आता माझ्यासाठी वाट बघणारं तिच्याशिवाय कोण आहे? यांनी आशा सोडली. मी सोडली. ती खाईल त्या दिवशी काय होईल, त्याचीच मला बीक लागते, भीती."

वारा खरंच जोराचा होता. ताईचा सरळ पदर सारखा उडत होता आणि ती तो दोन्ही हातांनी धरून उभी होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं.

तिसरा दिवस

परतीचं विमान आम्हाला चौथ्या दिवशी मिळालं आणि तेही अर्ध्या तासातच सुरतेला टेकलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते आदल्या दुपारचं.

त्या दिवशी आखाजी होती. ताईने मला आणि आईला नवी पातळं दिली, आईने तिचं घेतलं. लुगडं-पातळ घ्यायला रीत आड येत नाही. जेवणाची वेळ झाली. जिजाजी दुकानात, ताई चुलीपाशी. बांचं ताट खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलेलं. बांचा उजवा हात कापतो, त्यांना भरवावं लागतं, आणि ते काम ताईचं. आई रिकामी बसली होती. ती म्हणाली, आण, मी भरवते. रोटला कुस्करला, तूप-गूळ घातला, आणि लहान मुलाला भरवावं तसं "हां, आते हाऊ घास" करत भरवायला लागली. मी दारात बसून बघत होते. बरं वाटत होतं.

चार-पाच घास झाले तशा बांनी तोंड मिटलं. आई म्हणाली, "खा वं याहीणबाई." बांनी स्वतःच्या हाताने ताटातला एक घास उचलला. कापत कापत वर आणला आणि आईच्या तोंडासमोर धरला.

"बेय जणीए बहु वाट जोई, वेवाण," त्या म्हणाल्या. "हवे खाई ल्यो."

दोघींनी नातवाची वाट पुष्कळ पाहिली, आता खाऊन घ्या, असं त्यांचं म्हणणं. आईने नको म्हणून मान हलवली. बांनी हात मागे घेतला नाही. हात जोरात कापायला लागला, तूप मनगटावरून ओघळायला लागलं, घास सुटून पडणार असं दिसत होतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तसबिरीकडे. मग बांचं मनगट स्वतःच्या हाताने धरलं आणि तोंड उघडलं.

ती तो घास फार वेळ चावत राहिली. बांनी डोळे मिटून घेतले होते. घास गिळून आईने डोळे पुसले, घसा साफ केला आणि रोज माझ्या घरी मारते तशीच हाक मारली, "सुमन, पानी आन वं."

आत भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. पाणी काही येईना. मी उठून आत गेले. ताई माठापाशी उभी होती. तिने स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहिलं होतं. पेला भरून वाहत होता, पाणी तिच्या हातावरून पायांवर पडत होतं आणि तिला भान नव्हतं.

"तिनी पानी मांगं, वंदू," ती म्हणाली. "म्हंजे आते तिले बी नही वाटत."

खोटं काय सांगायचं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. इतकी वर्षं तिने ज्या हाकेची वाट पाहिली ती हाक आली होती, आणि त्या हाकेने तिची शेवटची आशा संपवली होती, हे दोन्ही खरं होतं. बाहेरून पुन्हा हाक आली, "सुमन, आनस ना?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि पेला घेऊन बाहेर गेली. आई एका दमात प्यायली. रिकामा पेला खाली ठेवला आणि ताईचा ओला हात धरून तिला खाटेच्या पायथ्याशी, बांजवळ, खाली बसवलं.

"बैस तू. आते मी रांधसू."

आणि ती उठून आत गेली. वीस वर्षांत आणि या तीन दिवसांतही तिने त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. आतून ती एकेक विचारायला लागली. पीठ कोठे शे, परात कोठे शे. ताई बसल्या जागेवरून सांगत होती, खालच्या फळीवर, उजवीकडे, पिवळा डबा. तवा कोठे शे? खिडकीत. मग आईने विचारलं, "मीठ कोठे शे वं, सुमन?" आणि ताईला बोलता येईना, म्हणून मीच सांगितलं.